दिवा, नाव आणि पाणी

ऑस्ट्रेलिया खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर पर्थ नांवाचें शहर आहे. तेथील कॉटस्लो ह्या पुळणीवर दरवर्षीं फेब्रुवारी महिन्यांतील एका शनिवारीं, सूर्य उगवण्याच्या सुमारास, शेंकडों स्त्रीपुरुष अंगाला चरबी चोळून पाण्याच्या कडेला उभे राहतात. आणि इशारा होतांच समुद्रांत शिरून समोरच्या रॉटनेस्ट बेटाकडे पोहूं लागतात. अंतर १९.७ किलोमीटर आहे. चपळ पोहणाऱ्यास तें कापावयास चार तासांच्या आसपास लागतात. साधारण मनुष्याचे आठ-नऊ तास जातात. कोणी एकटा पोहतो, कोणी दोघे मिळून, कोणी चौघे आळीपाळीनें. उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारीं त्या किनाऱ्यावर नैर्ऋत्येकडून जोराचा वारा सुटतो. तापलेल्या शहरास तो निववितो म्हणून लोक त्यास ‘फ्रीमँटलचा डॉक्टर’ म्हणतात. परंतु पाण्यांत असलेल्या मनुष्यास हा वैद्य यमराजाचा सहोदरच वाटावा, इतका तो समुद्र खवळवितो. पहाटेची घाई असते ती एवढ्यासाठीं. १९५६ सालीं गेर्ड फॉन डिंकलागे-शुलेनबर्ग नांवाच्या गृहस्थानें हें पाणी पोहून ओलांडल्याची नोंद आहे. १९९१ पासून शर्यत दरवर्षीं भरूं लागली. २००७ सालीं वादळी हवेमुळें ती मध्येंच थांबवावी लागली होती.

ही हकीकत वर्तमानपत्राच्या क्रीडास्तंभांत शोभेल. वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत तिचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. प्रयोजन असें कीं, मनुष्यानें केवळ आपल्या दोन हातांच्या बळावर समुद्र ओलांडावा आणि पलीकडच्या भूमीस लागावें, ह्या कल्पनेनें काव्यास दोन हजार वर्षें भुरळ घातली आहे. आणि तरीहि ती कल्पना ज्यांत यथातथ्य उतरली आहे अशीं पुस्तकें आमच्या वाचनांत बोटांवर मोजण्याइतकींच आलीं आहेत. असें कां व्हावें? आणि जीं थोडीं साधलीं तीं कशामुळें साधलीं? ह्या दोन प्रश्नांचा विचार येथें करावयाचा आहे. रॉटनेस्टची शर्यत आम्हीं मुद्दाम समोर ठेविली आहे. कारण त्या शर्यतीच्या नियमांत आणि त्या बेटाच्या इतिहासांत ह्या प्रश्नांचीं उत्तरें, आमच्या मतें, दडून राहिलीं आहेत.

प्रथम एक अडचण लक्षांत घेतली पाहिजे. पोहणाऱ्यास कांहीं दिसत नाहीं. डोंगर चढणाऱ्यास पावलोपावलीं नवा देखावा लाभतो. प्रवाशास वाटेंत माणसें भेटतात. खलाशास निदान क्षितिज तरी असतें. पोहणाऱ्याचें तोंड पाण्यांत असतें. खालीं हिरवट, अंधुक प्रकाश. श्वासासाठीं मान वळविली कीं क्षणभर आकाशाचा तुकडा आणि सोबतच्या होडीची कड. पुन्हां तोंड पाण्यांत. हा क्रम मिनिटामागून मिनिट आणि तासामागून तास चालावयाचा. ज्या कृतींत पुढचा क्षण हुबेहूब मागच्या क्षणासारखा असतो तिची गोष्ट सांगावी तरी कशी? हात मारला, श्वास घेतला, पुन्हां हात मारला, ह्यापलीकडे कथानक नाहीं. शिवाय जो हें करीत असतो त्याच्याजवळ त्या वेळीं शब्द नसतात, आणि ज्याच्याजवळ शब्द असतात तो बहुधा पाण्यांत नसतो.

म्हणून वाङ्मयानें फार प्राचीन काळीं एक युक्ति काढली. त्यानें नायकास पाण्यांत सोडलें आणि आपण स्वतः कांठावर उभें राहिलें.

हीरो व लिअँडर ह्यांची कथा आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस इंग्रजी काव्याच्या द्वारें परिचित असेल. हेलेस्पाँट, म्हणजे आजच्या तुर्कस्तानांतील दार्दानेल्सची सामुद्रधुनी, हिच्या एका तीरावर अबायडॉस व दुसऱ्या तीरावर सेस्टॉस. लिअँडर अबायडॉसचा तरुण. हीरो सेस्टॉसच्या मनोऱ्यांत राहणारी, प्रेमदेवतेची पुजारीण. ती मनोऱ्यावर दिवा लावी आणि तो त्या दिव्याच्या रोखानें रात्रीं पोहून येई. हिंवाळ्यांतील एका वादळी रात्रीं दिवा विझला, लिअँडर बुडाला, आणि त्याचें प्रेत पाहून हीरोनें मनोऱ्यावरून उडी घेतली. इसवी सनाच्या पांचव्या-सहाव्या शतकांतील म्युझीअस ह्या ग्रीक कवीनें ही कथा एका लहानशा काव्यांत गायिली आहे. त्याचें आरंभींचें आवाहन आहे तें दिव्याची कथा गाण्याविषयीं. हें आम्हांस फार मार्मिक वाटतें. ह्या कथेंत खरा नायक दिवा आहे, हें त्यानें पहिल्याच ओळींत कबूल करून टाकलें. दिवा जळतो तोंवर कथा चालते; दिवा विझतो तेथें कथा संपते. पाण्यांत काय घडलें तें कवीस ठाऊक नाहीं, आणि ठाऊक असल्याचा आवहि तो आणीत नाहीं.

ऑव्हिडचें कौशल्य निराळें आहे. ‘हेरॉइडीज’ ह्या त्याच्या पत्रकाव्यांतील अठरावें व एकोणिसावें पत्र ह्या जोडप्याचें आहे. वादळामुळें लिअँडर सात रात्री आपल्या तीरावर अडकून पडला आहे. पोहतां येत नाहीं म्हणून तो लिहितो. आपल्या पहिल्या रात्रीच्या पोहण्याचें त्यानें केलेलें वर्णन प्राचीन वाङ्मयांत ह्या विषयावरचें उत्कृष्ट वर्णन म्हणावें लागेल. कपड्यांबरोबर त्यानें भीतीहि काढून ठेविली. पाण्यावर चांदणें पसरलें होतें. पुढें खांदे भरून आले, दंड गळाले. इतक्यांत दूरचा दिवा दिसला आणि गेलेलें बळ परत आलें. ह्यांत एकहि शब्द पोकळ नाहीं. ज्यानें कधीं लांबचें अंतर पोहून काढलें आहे त्यास विचारावें: बळ संपतें तें दंडांत संपण्याआधीं मनांत संपतें, आणि परत येतें तेंहि मनाच्याच वाटेनें येतें.

परंतु ह्याहूनहि मोलाचें आहे तें हीरोचें उत्तर. पुरुषांस शिकार आहे, शेत आहे, चारचौघांची बैठक आहे. मला वाट पाहण्याखेरीज दुसरा उद्योग नाहीं, असें ती लिहिते. ती सूत काढीत बसते, म्हाताऱ्या दाईशीं त्याच्याविषयीं बोलते, दिव्याकडे पाहते. आणि डोळा लागतो तेव्हां स्वप्नांत एक डॉल्फिन वाळूवर येऊन मरून पडलेला तिला दिसतो. वाचतांना आमच्या मनांत कोंकणांतील एखाद्या खलाशाच्या घराचें चित्र उभें राहिलें. ऑव्हिडनें समुद्रांत उडी घेतली नाहीं. पण समुद्राच्या कांठीं बसून राहण्यांत काय असतें तें त्याच्याइतकें थोड्यांनींच जाणलें असेल.

सोळाव्या शतकांत मार्लोनें हाच विषय हातीं घेतला. १५९३ सालीं त्याचा मृत्यु झाला तेव्हां काव्य अपुरें होतें. १५९८ सालीं तें प्रसिद्ध झालें आणि त्याच वर्षीं चॅपमननें तें पुरें केलें. मार्लोच्या भागांत लिअँडर बुडत नाहीं. तो पाण्यांत शिरतांच समुद्रदेव त्याच्यावर लुब्ध होतो, त्यास तळाशीं ओढून नेतो, आणि तो मरणोन्मुख झालेला पाहून पुन्हां वर सोडतो. तळाशीं मोतीं आहेत, सोनें आहे, जलकन्या आहेत. कल्पनेचा विलास मोठा रमणीय आहे ह्यांत संशय नाहीं. पण पाणी तेवढें कोठें दिसत नाहीं. समुद्राचा राजवाडा झाला कीं त्यांत पोहण्याचें कारणच उरत नाहीं, चालतांहि येतें.

ह्या साऱ्या परंपरेवर पाणी शिंपडण्याचें काम एका कवीनें केलें आणि तें अक्षरशः केलें. ३ मे १८१० रोजीं बावीस वर्षांच्या लॉर्ड बायरननें ‘सॅल्सेट’ ह्या युद्धनौकेवरील लेफ्टनंट एकनहेड ह्याच्यासह सेस्टॉसकडून अबायडॉसपर्यंत पोहून दाखविलें. सामुद्रधुनीची रुंदी तेथें जेमतेम एक मैल. परंतु प्रवाह इतका जोराचा कीं तिरपें वाहत जाऊन प्रत्यक्ष पोहणें चार मैलांवर गेलें, असा त्याचा हिशेब होता. वेळ लागला एक तास दहा मिनिटें. ह्यापूर्वींचा एक प्रयत्न थंडीमुळें व प्रवाहामुळें फसला होता. बायरनचा एक पाय जन्मापासून अधू होता. जमिनीवर लंगडणारा हा कवि पाण्यांत कोणाहून उणा नव्हता, आणि ह्या पराक्रमाचा त्यास आपल्या काव्याइतकाच अभिमान वाटे. असें असून ह्या प्रसंगावर त्यानें जी कविता लिहिली ती विनोदी आहे. लिअँडर प्रेमासाठीं पोहला, मी कीर्तीसाठीं. तो बुडून मेला, मला हिंवताप भरला. असा तिचा आशय आहे.

बायरनचें हें हंसणें आमच्या मतें फार महत्त्वाचें आहे. ज्या कवींनीं पाण्यास पाय लावला नाहीं त्यांनीं अश्रु ढाळले. ज्यानें तें पोहून काढलें तो हंसला. थंडी, प्रवाह, आंखडलेले पाय आणि दुसऱ्या दिवशींचा ताप ह्यांच्या अनुभवानें प्रेमकथेचा मुलामा एका तासांत धुऊन निघाला. पण टीकाकारानें येथेंच थांबूं नये. बायरन हंसला खरा; पण पाण्यांत त्यास काय वाटलें तें त्यानेंहि सांगितलें नाहीं. विनोद हें त्याचें कवच होतें. पुढें १८१३ सालीं ‘अबायडॉसची वधू’ ह्या काव्यांत त्याच जागेचें वर्णन करण्याची वेळ आली, तेव्हां तोहि निमूटपणें जुन्या दिव्याकडे आणि जुन्या वादळाकडे परतला. स्वतः पोहलेला कवि लिहितांना पुन्हां कांठावर जाऊन उभा राहिला. ह्या विषयाची दुस्तरता ह्याहून अधिक स्पष्ट कशी व्हावी?

आतां आपल्या काळाकडे येऊं. पोहणारे स्वतः लिहूं लागले ही ह्या काळाची विशेष गोष्ट. अशा ग्रंथांत अमेरिकन जलतरणपटु लिन कॉक्स ह्यांचें ‘स्विमिंग टु अंटार्क्टिका’ हें २००४ सालचें आत्मकथन आम्हांस सर्वांत वाचनीय वाटतें. १९७२ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, त्यांनीं इंग्लिश खाडी पोहून विक्रम केला. पण त्यांच्या पुस्तकाचा कळस आहे तो ७ ऑगस्ट १९८७ चा दिवस. अलास्का व सैबेरिया ह्यांच्यामध्यें डायोमीड नांवाचीं दोन बेटें आहेत. धाकटें अमेरिकेचें, थोरलें त्या वेळीं सोव्हिएट रशियाचें. मधलें पाणी अवघें २.७ मैलांचें, पण बर्फासारखें थंड. आणि त्यांतून दोन वैरी राष्ट्रांची सरहद्द गेलेली. तें पोहण्याची परवानगी मिळवावयास ह्या बाईंना अकरा वर्षें लागलीं. प्रत्यक्ष पोहावयास दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागला.

ह्या प्रकरणांत लेखिकेनें पाण्याचें वर्णन थोडें केलें आहे. वर्णन आहे तें बरोबरच्या माणसांचें. चामड्याच्या होड्या चालविणारे बेटावरील रहिवासी, तिच्या अंगांतील उष्णता मोजणारे डॉक्टर, धुक्यांत दिशा चुकेल कीं काय ही चिंता, आणि शेवटीं पलीकडच्या तीरावर हात पुढें करून उभे असलेले अनोळखी लोक. जवळचा खडक गांठून पोहणें संपवितां आलें असतें. पण स्वागताची मंडळी अर्ध्या मैलावर उभी होती. अंग गोठत असतां ती तिकडे वळली. कारण खडकास हात लावणें आणि मनुष्याच्या हातांत हात देणें ह्या दोन गोष्टी सारख्या नव्हत्या. त्याच वर्षीं डिसेंबरांत गोर्बाचेव्ह वॉशिंग्टनला आले तेव्हां त्यांनीं ह्या पोहण्याचा गौरवानें उल्लेख केला. परंतु राजकारण बाजूस ठेविलें तरी तें शेवटचें अर्धा मैल हें त्या पुस्तकाचें हृदय आहे.

ह्याच पुस्तकाची उणीवहि सांगितली पाहिजे. संकल्प, परवानगी, तयारी, थंडी, तीर. पुन्हां नवा संकल्प. हा सांचा प्रकरणामागून प्रकरणांत फिरत राहतो. जेथें लेखिका एकटी आहे, आपल्या निश्चयाविषयीं बोलत आहे, तेथें तें पुस्तक इतर स्फूर्तिदायक आत्मकथनांसारखेंच होऊन जातें. ह्या जातीचीं पुस्तकें अलीकडे सर्वच भाषांत उदंड झालीं आहेत. बालपणींचें दुखणें, पहिलें अपयश, लोकांचें हंसणें, आणि मग ‘समुद्रावर विजय’. आमच्याकडेहि कोणी इंग्लिश खाडी पोहून आला कीं ‘खाडी जिंकली’ असाच मथळा छापतात. समुद्र कोणी जिंकीत नाहीं. तो वाट देतो किंवा देत नाहीं. ज्या दिवशीं देतो त्या दिवशीं पोहणारा पार होतो. आणि दुसऱ्या दिवशीं समुद्र होता तेथेंच, होता तेवढाच असतो. ‘जिंकणें’ हा शब्द एकदां आला कीं त्याच्यामागून होडी, नावाडी, आई, वैद्य, सारे पडद्याआड जातात आणि रंगभूमीवर एकटा वीर उरतो. पुस्तक तेथें खोटें होतें.

रॉटनेस्टच्या शर्यतीचा नियम येथें आठवावा. एकट्यानें पोहणारा म्हणून ज्याची नोंद होते तोहि तेथें एकटा नसतो. प्रत्येक पोहणाऱ्याबरोबर एक नाव आणि वल्हें मारणारा एक सोबती असलाच पाहिजे. त्यांवाचून त्यास पुढें जाऊं देत नाहींत. नावेला धरावयाचें नाहीं, आधार घ्यावयाचा नाहीं. पण नाव हवीच. सोबती त्यास दिशा दाखवितो, ठराविक वेळानें अन्नपाणी देतो, शार्क माशाची वर्दी आली तर त्यास पाण्याबाहेर काढवितो. पोहणारा मान वळवितो तेव्हां त्यास जें एकमेव माणूस दिसतें तें हा सोबती. स्वतः पोहतां येत असून जो दिवसभर दुसऱ्याच्या गतीनें वल्हें मारतो, त्याच्यावर महाकाव्य कोणी लिहिलें नाहीं. पण पोहण्याचें खरें वाङ्मय लिहावयाचें तर लेखणी त्याच्याच हातीं द्यावी लागेल. तो पाण्याच्या जवळ आहे आणि त्याचे डोळे उघडे आहेत.

मराठी वाचकांस हें नवें वाटण्याचें कारण नाहीं. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायांत मायानदीचें जें प्रचंड रूपक आहे तें आठवावें. आपल्या बाहूंच्या बळावर विसंबून जे त्या नदींत उतरले ते कोठल्या कोठें वाहून गेले. कोणी वेदांची सांगड बांधली खरी, पण तिच्याबरोबर अहंभावाचा धोंडाहि बांधला. जे अनन्यभावें शरण गेले त्यांस ऐलतीरींच नदी आटलेली दिसली. ज्ञानदेवांचा विषय अध्यात्माचा आहे, आणि त्याचा अर्थ शर्यतीला लावणें हा पोरखेळ होईल. तथापि दृष्टांत ज्या अनुभवावर उभा आहे तो अनुभव पोहणाऱ्याचा आहे. लहानपणीं विहिरींत पांगाऱ्याची सांगड पाठीस बांधून आम्ही पोहावयास शिकलों. शिकविणारे काका पायरीवर बसलेले असत. पाठीवरची सांगड त्यांनीं कधीं सोडली तें आम्हांस कळलेंच नाहीं. कळलें तेव्हां आम्ही विहिरीच्या मध्यभागीं होतों, आणि काका पायरीवर उभे राहिले होते. त्यांचें तें उठून उभें राहणें आम्हांस अजून दिसतें. आपण कसे हात मारले तें मात्र कांहीं केल्या आठवत नाहीं. पोहण्याच्या आठवणी अशा दुसऱ्याच्या असतात.

येथपर्यंत दिव्याचा व नावेचा विचार झाला. आतां तीराचा केला पाहिजे. कारण बेटावर पोहून जाणें म्हणजे कोठें जाणें, हा प्रश्न आम्हीं अजून विचारलेला नाहीं.

रॉटनेस्ट हें नांव डच दर्यावर्दी व्हिलेम द फ्लामिंग ह्यानें १६९६ सालीं दिलें. तेथील क्वोका नांवाचे लहान प्राणी त्यास उंदीर वाटले. म्हणून ‘उंदरांचें घरटें’. त्या प्रदेशाचे मूळ रहिवासी नूंगार लोक त्यास ‘वाजेमप’ म्हणतात. पाण्यापलीकडचें, मृतांच्या आत्म्यांचें स्थान, असा त्याचा अर्थ सांगतात. सुमारें सात हजार वर्षांपूर्वीं समुद्र चढला आणि ती भूमि बेट झाली. १८३८ सालीं इंग्रज वसाहतवाल्यांनीं तेथें मूळ रहिवाशांसाठीं तुरुंग घातला. पहिल्याच तुकडींतील कैदी एक होडी पळवून निसटले. तरीहि तुरुंग वाढत गेला. १९०४ सालीं तो कागदोपत्रीं बंद झाला, पण कैद्यांकडून सक्तीची मजुरी १९३१ पर्यंत घेतली जात होती. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कानाकोपऱ्यांतून, समुद्र कधीं न पाहिलेल्या वाळवंटांतूनहि, साखळदंडांत बांधून आणलेले सुमारें ३,७०० पुरुष व मुलगे तेथें कोंडले गेले. त्यांपैकीं किमान ३७३ तेथेंच मेले आणि खुणेचा दगडहि न ठेवतां पुरले गेले. पुढें बेट विश्रांतिस्थान झालें. त्या दफनभूमीवर सहलीच्या लोकांचे तंबू पडत, ते २००७ सालीं बंद झाले. तुरुंगाची इमारत प्रवाशांस राहावयास देत, ती चाल २०१८ सालीं थांबली.

‘काळें पाणी’ हे दोन शब्द ज्या भाषेंत आहेत तिच्या वाचकास ह्याहून अधिक सांगावयास नको. १९.७ किलोमीटरांचें जें पाणी आज शर्यतीचें मैदान आहे, तेंच नव्वद वर्षांच्या वर तुरुंगाची भिंत होतें. एकाच पाण्यास एक मनुष्य हौसेनें हात घालतो आणि दुसरा त्याच्याकडे पाहत मरतो. आम्हीं आपल्या भाषेंत पैलतीर हा शब्द मोक्षासाठीं राखून ठेविला आहे. त्या कैद्यांस पैलतीर हाच नरक होता आणि ऐलतीर हें घर. पोहणाऱ्यांच्या वृत्तांतांतून बेट येतें तें एखादी रेघ यावी तसें येतें: पोहोंचलों, उभा राहिलों, पदक मिळालें. ही वाङ्मयदृष्ट्याहि मोठी उणीव आहे. ज्या प्रवासवर्णनास मुक्काम नाहीं तें प्रवासवर्णन कसलें?

ही उणीव कशी भरून निघते, ह्याचें उदाहरण त्याच पर्थ शहरानें दिलें आहे, आणि योगायोग असा कीं, तें त्याच साली दिलें. शर्यत वार्षिक झाली त्या १९९१ सालीं टिम विंटन ह्यांची ‘क्लाउडस्ट्रीट’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. पर्थमधील एका मोठ्या, पडक्या घरांत दोन गरीब कुटुंबें वीस वर्षें एकत्र राहतात, एवढीच तिची गोष्ट. लॅम कुटुंबांतील फिश हा मुलगा लहानपणीं बापाबरोबर कोळंबी धरावयास गेला असतां जाळ्याखालीं सांपडून बुडतो. आई त्याच्या छातीवर हाणून हाणून त्यास परत आणते, पण तो पुरता परत येत नाहीं. त्याचा कांहीं भाग पाण्यांतच राहतो. तो वाढतो, बोलतो, हंसतो. पण पाणी दिसलें कीं त्याचा जीव तिकडे ओढ घेतो. शेवटीं नदीकांठच्या वनभोजनाच्या दिवशीं त्याचा भाऊ त्यास अडवीत नाहीं आणि तो पाण्यांत जातो. सारी कथा कोण सांगत होता हें तेव्हां उमगतें: पाण्यांत शिरल्याच्या त्या एका क्षणांतून फिशनेंच ती सांगितली आहे. कांठावरचा दिवा नाहीं, नाव नाहीं, विनोदाचें कवच नाहीं. येथें पाणी स्वतः बोलूं लागलें आहे. आरंभीं ज्या अडचणीचा आम्हीं उल्लेख केला तिच्यावर ह्या कादंबरीनें केलेला तोडगा असा विलक्षण आहे.

त्याहूनहि मोठी गोष्ट म्हणजे तें घर. दोन कुटुंबांच्या पूर्वीं तेथें एका प्रतिष्ठित बाईनें मूळ रहिवाशांच्या मुली ‘सुधारण्यासाठीं’ आणून ठेविल्या होत्या. त्यांतील एका मुलीनें विष पिऊन जीव दिला. ज्या बिनखिडकीच्या खोलींत ती मेली ती खोली सगळ्या घराला वीस वर्षें छळते. आणि त्याच खोलींत नवें मूल जन्मास येतें तेव्हां कोठें घर मोकळा श्वास घेतें. लेखकानें हा प्रश्न फार सहज सोडविला, मेलेल्या मुलीचें दुःख जिवंतांच्या सुखासाठीं वापरून घेतलें, असा आक्षेप घेतां येईल, आणि तो आम्हांसहि अंशतः मान्य आहे. तथापि ज्या भूमीवर आपण आनंदानें राहतों तिच्यावर आपल्याआधीं कोण रडलें हें विचारल्यावांचून आनंदाची कथा पुरी होत नाहीं, एवढें त्या कादंबरीनें ओळखलें. बेटावर पोहून जाणाऱ्यांच्या वाङ्मयाला हें अजून ओळखावयाचें आहे.

येथें एक आक्षेप स्वाभाविक आहे. शर्यत ही शर्यत आहे. वर्षभर कचेरींत बसणाऱ्या माणसांनीं सहा-सहा महिने पहाटे उठून सराव करावा आणि एक दिवस समुद्राशीं दोन हात करावे, ह्यांत निर्मळ सुख आहे. त्यावर इतिहासाचें ओझें कशास? आमच्याकडे मालवणच्या चिवला किनाऱ्यावरहि पोहण्याच्या स्पर्धा भरतात. तेथें जमणाऱ्या पोरांना कोणी इतिहासाचा धडा विचारीत नाहीं. आक्षेप खरा आहे, आणि पोहणाऱ्यांस आम्ही कांहींच विचारीत नाहीं. त्यांनीं सुखानें पोहावें. आमचें मागणें आहे तें लिहिणाऱ्यांकडे. पोहतांना तोंड पाण्यांत असतें ह्याला इलाज नाहीं. पण लिहितांनाहि तें पाण्यांतच ठेवावें असा कोठला नियम आहे?

तात्पर्य, ह्या विषयावरचें जें वाङ्मय टिकलें त्याचा विचार करतां एकच खूण पटते. म्युझीअसनें दिवा पाहिला, ऑव्हिडनें दिव्याजवळ बसलेली स्त्री पाहिली, लिन कॉक्सनें पुढें आलेले हात पाहिले, विंटननें बिनखिडकीची खोली पाहिली. स्वतःच्या दंडांकडे पाहत बसलेल्यांचीं पुस्तकें मात्र पहिल्या आवृत्तीबरोबर ओसरलीं. आठ-नऊ तास पाण्यांत काढलेला मनुष्य रॉटनेस्टच्या वाळूवर येतो तेव्हां त्याच्या पायांत उभें राहण्याचें बळ नसतें. पाणी सोडतांना तो गुडघ्यांवर येतो, आणि कोणी तरी त्यास हात देऊन उठवितें. ह्या शर्यतीवर ज्या दिवशीं खरें पुस्तक लिहिलें जाईल, त्या दिवशीं तें ह्या हातापाशीं संपणार नाहीं. उठून उभा राहिलेला तो मनुष्य, अंगावरचें पाणी निथळत असतां, आपण कोणाच्या भूमीवर उभे आहोंत हें पाहण्यासाठीं मान वर करील, आणि पुस्तकाचें दुसरें प्रकरण तेथें सुरू होईल.